घरगुती बिअर: इंग्लंडमधील एका गृहकौशल्याचा इतिहास

अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या ग्रामीण भागात बिअर करणे हे पाव भाजण्याइतकेच नित्याचे घरकाम होते, आणि १६१५ साली गर्व्हेस मार्कहॅमने गृहिणीच्या अंगी असावयाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यात या कौशल्याचा समावेश त्याने केला. बिअरचा मूळ पदार्थ माल्ट, म्हणजे मोड आणून भट्टीवर वाळवलेले जव. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना तिच्यात जी गोडी उतरू लागते, तिच्या मुळाशी असलेलीच प्रक्रिया येथेही घडते. भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवला की धान्यातील विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात, हा गोड अर्क हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात, आणि निवल्यावर त्यात यीस्ट घालून तो आंबवतात. हॉपचा वापर इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकात नेदरलंड्सच्या बाजूने आला. त्यापूर्वीचे हॉपविरहित पेय थोड्या दिवसांतच आंबट होई, तर हॉपमधील कडू द्रव्ये बिअर नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना आवर घालतात, त्यामुळे महिनाभराची बेगमी एकदाच करून ठेवणे शक्य झाले.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एसेक्समधील धर्मगुरू विल्यम हॅरिसन याने आपल्या घरातील असा मासिक घाणा तपशीलवार नोंदवला आहे. त्याची पत्नी दासींच्या मदतीने आठ बुशेल माल्टमध्ये थोडा गहू व ओट मिसळून त्यावर पाळीपाळीने गरम पाणी घाली आणि सुमारे वीस शिलिंग खर्चात दोनशे गॅलन बिअर सिद्ध करी. एकाच माल्टवर पुन्हापुन्हा पाणी घालण्याची ही रीत काटकसरीची होती. अनेक घरांत पहिल्या पाण्याची बिअर कडक म्हणून राखून ठेवत, आणि शेवटच्या पाण्याची सौम्य बिअर मुलांना व नोकरांना रोज मिळे.

या साऱ्यात सर्वांत अवघड गोष्ट पाण्याच्या उष्णतेची होती. माल्ट मुरताना मिश्रण साधारण ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. त्याहून फार तापले तर विकरे निकामी होतात, आणि थंड राहिले तर साखर नीट उतरत नाही. विल्यम कॉबेटने १८२१–२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कॉटेज इकॉनॉमी’त तापमापक असल्यास पाणी १७० अंश फॅरनहाइटवर आणावे असे सांगितले, आणि नसल्यास वाफ विरून पाण्यात आपला चेहरा स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबावे, ही खूण दिली. ती भाबडी नव्हे: थंड माल्ट पडताच पाण्याची उष्णता उतरून मिश्रण हव्या त्या पट्ट्यात येते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने गृहिणींनी हेच साधले होते. तापमापकाचा पद्धतशीर वापर मायकेल कॉम्ब्रूनने १७६२ च्या ग्रंथात मांडला आणि अर्कातील साखरेचे प्रमाण मोजणारे उपकरण जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये पुढे आणले. परंतु त्यांचा लाभ प्रथम मोठ्या कारखान्यांनाच झाला.

घरगुती बिअर मागे पडली ती मात्र कौशल्य आटल्यामुळे नव्हे. माल्टवरील कर गरिबाच्या घरातील पिंपालाही सोडत नसे, याबद्दल कॉबेटचा संताप न्याय्यच होता. विक्रीच्या बिअरवर असलेले वेगळे शुल्क घरी करणाऱ्यांना लागू नव्हते, एवढीच त्यांची बाजू होती. १८३० मध्ये ते शुल्क रद्द झाले आणि तीही गेली. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर उठवला, पण त्याच कायद्याने घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पडले.

दरम्यान किण्वनाचे गूढ प्रयोगशाळेत उकलत होते. पाश्चरने १८७६ मध्ये बिअर बिघडण्याचे कारण परके सूक्ष्मजीव हे दाखवले, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंगने परवान्याची अट काढून टाकली, तेव्हा घरी परतलेली बिअर या ज्ञानासह परतली: भांडी निर्जंतुक करणे, तापमापक वापरणे आणि जुन्या घाण्याच्या फेसाऐवजी पाकिटातील यीस्ट घालणे हे नवशिक्याचेही पहिले धडे ठरले. अमेरिकेत हीच मोकळीक अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने दिली, ज्यात दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येते. हॅरिसनच्या पत्नीचा तो एका महिन्याचा घाणा होता.