गर्जन्मेघातील विद्युत् भार व विद्युत् क्षेत्र

विद्युत् भार हा द्रव्याचा मूलभूत गुणधर्म असून तो धन व ऋण अशा दोन प्रकारचा असतो. सजातीय भारांत प्रतिसारण, तर विजातीय भारांत आकर्षण होते. भाराच्या सभोवतालच्या ज्या प्रदेशात दुसऱ्या भारावर प्रेरणा कार्य करते, तेथे विद्युत् क्षेत्र आहे असे म्हणतात. एकक धन भारावरील प्रेरणा हे क्षेत्राचे मूल्य व तिची दिशा ही क्षेत्राची दिशा होय. भार दुर्गम स्थानी असला, तरी दुरून मोजलेल्या क्षेत्रावरून त्याचे चिन्ह, राशी व स्थान यांचे अनुमान करता येते. गर्जन्मेघांच्या (गडगडाटी मेघांच्या) अभ्यासात हीच पद्धत निर्णायक ठरली.

घासलेली राळ (अंबर) हलक्या वस्तूंना आकर्षिते, हे प्राचीन ग्रीकांना माहीत होते. विल्यम गिल्बर्ट (१५४४–१६०३) यांनी १६०० मध्ये हा गुण इतर अनेक पदार्थांत दाखवून तो चुंबकत्वाहून वेगळा असल्याचे प्रतिपादिले. द्यूफे (१६९८–१७३९) यांना विजेचे दोन प्रकार आढळले. त्यांना धन व ऋण ही नावे बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांच्या उपपत्तीमुळे रूढ झाली. फ्रँक्लिन यांच्या सूचनेनुसार फ्रान्समध्ये मे १७५२ मध्ये उंच लोखंडी गजातून ठिणग्या मिळविण्यात आल्या व मेघातील वीज आणि घर्षणजन्य वीज एकच असल्याचे सिद्ध झाले. दोन बिंदुभारांमधील प्रेरणा त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम कूलंब (१७३६–१८०६) यांनी १७८५ मध्ये मांडला. क्षेत्राची कल्पना मात्र मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांच्या प्रेरणारेषांतून विकसित झाली.

मेघात कोणता भार वर व कोणता खाली असतो, यासंबंधीचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला. भारतीय हवामान खात्यातील जॉर्ज सिंप्सन (१८७८–१९६५) यांनी सिमला येथे पर्जन्याचा भार मोजला. तो बहुधा धन आढळल्याने त्यांनी १९०९ मध्ये असे मत मांडले की, जलबिंदू फुटून पाण्यावर धन भार येतो, हवेबरोबर ऋण भार वर जातो व मेघाचा खालचा भाग धन असतो. सी. टी. आर. विल्सन (१८६९–१९५९) यांनी १९१६ व १९२० मध्ये, विजेच्या कडाक्यानंतर दूरच्या क्षेत्रात होणाऱ्या बदलांवरून नेमका उलट निष्कर्ष काढला.

या पद्धतीचे तत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सातारा जिल्ह्यातील कोरेगावावर वळिवाचा मेघ आला असून त्यात जमिनीपासून ६ किमी. उंचीवर २० कूलंब ऋण भार व १० किमी. उंचीवर तेवढाच धन भार आहे असे मानू. जमीन संवाहक धरल्यास कोरेगावात क्षेत्र सु. ६,४०० व्होल्ट प्रतिमीटर व ऊर्ध्व दिशेत येते. निरभ्र हवेतील क्षेत्र सु. १०० व्होल्ट प्रतिमीटर व अधोमुख असते. मेघापासून दूर जाता जवळचा ऋण भार झपाट्याने निष्प्रभ होतो व सु. ११ किमी. अंतरापलीकडे वरच्या धन भाराचा प्रभाव वरचढ ठरतो. म्हणून त्याच वेळी सातारा शहरी, याच मेघामुळे निर्माण होणारे क्षेत्र अधोमुख असेल. अंतरानुसार होणारा हा दिशापालट म्हणजे मेघातील भारांच्या मांडणीचा पुरावाच होय.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदींच्या आधारे सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी माथ्यावरील गर्जन्मेघांच्या क्षेत्राचे विवेचन १९३० मध्ये प्रसिद्ध केले. अखेर ब्रिटिश हवामान खात्याचे संचालक झालेल्या सिंप्सन यांनीच एफ्. जे. स्क्रेझ यांच्यासह इंग्लंडमधील क्यू येथून फुग्यांद्वारे उपकरणे मेघात पाठविली. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांनुसार मेघाच्या वरच्या भागात धन, त्याखाली ऋण व तळाशी काही ठिकाणी अल्प धन भार असतो. मुख्य मांडणीपुरते विल्सन यांचे म्हणणे खरे ठरले. तळाचा धन भार सिंप्सन यांच्या निरीक्षणांशी जुळला. अतिशीतित जलबिंदूंच्या सान्निध्यात मऊ गारा व हिमस्फटिक यांच्या टकरींमुळे भार विलग होतात, हे स्पष्टीकरण आज सामान्यतः मान्य आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाराष्ट्रात वीज-स्थाननिश्चितीचे जाळे उभारले असून ‘दामिनी’ या भ्रमणध्वनीवरील प्रणालीद्वारे इशारे दिले जातात. उघड्या शेतात काम करणाऱ्यांना या ज्ञानाचे विशेष महत्त्व आहे. मेघाखालील जमिनीवर प्रवर्तनाने भार येतो व उंच, एकाकी वस्तूच्या टोकाशी क्षेत्र तीव्र होते. म्हणून माळावरच्या एकट्या झाडाचा आसरा घातक ठरतो. पाऊस सुरू होण्यापूर्वी किंवा पावसापासून काही किमी. अंतरावरही वीज पडू शकते. याउलट बंद धातूच्या पिंजऱ्याच्या आत बाह्य भाराचा प्रभाव पोहोचत नाही, हे फॅराडे यांनी १८३६ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. त्यामुळे धातूचे बंद छत असलेले वाहन किंवा पक्की इमारत हाच सुरक्षित निवारा होय.