जाहिरात एसडीके : आवृत्ती-तपासणी

जाहिराती मागवणे, दाखवणे आणि त्यांची मोजदाद ठेवणे यांसाठी मोबाइल ॲपमध्ये जोडलेल्या तयार कोडसंचाची नेमकी कोणती आवृत्ती वापरात आहे, हे ठरवण्याची प्रक्रिया. ॲडमॉब व ॲड मॅनेजर या सेवांसाठी वापरला जाणारा गूगलचा मोबाइल ॲड्स एसडीके हे अशा संचाचे ठळक उदाहरण होय. आवृत्ती सामान्यतः तीन अंकांत लिहितात. पहिला अंक मोठे बदल, दुसरा नवी वैशिष्ट्ये आणि तिसरा दुरुस्त्या दर्शवतो.

आवृत्ती बदलली की नियमही बदलतात. अँड्रॉइडवर 17.0.0 पासून ॲडमॉबचा ॲप आयडी मॅनिफेस्ट फाइलमध्ये देणे बंधनकारक झाले. तो नसल्यास ॲप उघडताच बंद पडते. 20.4.0 पासून जाहिरात-ओळखक्रमांक वाचण्याची परवानगी ॲपमध्ये आपोआप समाविष्ट होते. केवळ मुलांसाठी असलेल्या ॲपमधून ती मुद्दाम काढावी लागते.

तपासणीची पहिली जागा म्हणजे ॲपचा स्रोत. अँड्रॉइडमध्ये ग्रेडलच्या बिल्ड फाइलमध्ये, तर आयओएसमध्ये पॉडफाइलमध्ये आवृत्ती नोंदवलेली असते. मात्र तेथे दिसते ती मागणी. प्रत्यक्षात जोडलेली आवृत्ती वेगळी असू शकते. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने त्याच एसडीकेची वरची आवृत्ती मागितली असेल, तर ग्रेडल एरवी तीच निवडतो. म्हणून ग्रेडलचा डिपेंडन्सीज हा आदेश चालवून अवलंबनांची यादी पाहतात. तीत बाणाच्या डावीकडे मागितलेली आणि उजवीकडे निवडलेली आवृत्ती दिसते. आयओएसमध्ये निवडलेली आवृत्ती पॉडफाइलच्या लॉक फाइलमध्ये मिळते. स्विफ्ट पॅकेज मॅनेजर वापरल्यास ती पॅकेज-रिझॉल्व्ड या फाइलमध्ये असते.

स्रोत हाती नसेल, तर तयार एपीके फाइल उघडून पाहतात. तीत प्ले सर्व्हिसेस ॲड्सची छोटी प्रॉपर्टीज फाइल असल्यास तिच्यात आवृत्तीची ओळ सापडते. सर्वांत खात्रीचे उत्तर चालू ॲपकडूनच मिळते. अँड्रॉइडमध्ये मोबाइलॲड्स वर्गाची गेट-व्हर्जन ही पद्धत, तर आयओएसमध्ये व्हर्जन-नंबर हा गुणधर्म वापरून मिळालेली आवृत्ती लॉगमध्ये छापता येते.

मेडिएशनद्वारे अनेक जाहिरात नेटवर्क जोडलेली असतील, तर प्रत्येकाचा एसडीके व त्याचा ॲडॅप्टर स्वतंत्रपणे तपासावा लागतो. ॲडमॉबच्या ॲडॅप्टरची आवृत्ती बहुधा चार अंकी असते. पहिले तीन अंक संबंधित नेटवर्कच्या एसडीकेचे, तर चौथा ॲडॅप्टरमधील दुरुस्तीचा असतो.

फोनच्या सेटिंग्जमध्ये दिसणारी गूगल प्ले सर्व्हिसेसची आवृत्ती ही एसडीकेची आवृत्ती नव्हे. प्ले सर्व्हिसेस फोनवर स्वतंत्रपणे अद्ययावत होते. एसडीके मात्र ॲपची नवी बिल्ड प्रसिद्ध होऊन ती वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचल्यावरच बदलतो. त्यामुळे एकाच वेळी वेगवेगळ्या फोनांवर एकाच ॲपमधील एसडीकेच्या वेगवेगळ्या आवृत्त्या चालू असू शकतात. दोषनोंद करताना ॲपची व एसडीकेची आवृत्ती एकत्र लिहितात, ती यामुळेच.