मुलांच्या डोक्यातल्या उवा पुन्हा पुन्हा का होतात? हे चक्र तोडायचं कसं?

औषध लावलं, डोकं धुतलं, फणीतून ढीगभर उवा पडल्या. आठ-पंधरा दिवस शांततेत गेले आणि मूल पुन्हा कराकरा डोकं खाजवायला लागलं. डोंबिवलीत शाळा, पाळणाघर, शिकवणी आणि सोसायटीतले खेळ असं दिवसभर इतर मुलांबरोबर राहणाऱ्या लहान मुलांच्या घरी हे नेहमीच घडतं. मग औषध बदललं जातं, आजीचा उपाय होतो, शेवटी केसच कापले जातात. खरं तर उवा का परतल्या हे आधी शोधलं, तर उपाय सोपा होतो.

उवा नेमक्या पसरतात कशा?

ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती फक्त चालते. एका डोक्याचे केस दुसऱ्या डोक्याला टेकले की ती पलीकडे जाते. एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली मुलं, पाळणाघरात दुपारी एका सतरंजीवर झोपलेली मुलं, शाळेच्या रिक्षात दाटीवाटीने बसलेली मुलं, मे महिन्यात गावी एका ओळीत झोपणारी मामे-आत्ये भावंडं, ही तिच्या प्रवासाची ठिकाणं आहेत. कंगवा, टोपी, टॉवेल यांतूनही ती जाऊ शकते, पण ते प्रमाण कमी असतं.

उवा म्हणजे अस्वच्छता, हा समज चुकीचा आहे. रोज न्हाणाऱ्या मुलाच्या डोक्यातही उवा होतात. घामाने, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने उवा तयार होत नाहीत. मुलींमध्ये त्या जास्त दिसतात, पण मुलग्यांनाही होतात. भावाचे केस बारीक आहेत म्हणून त्याचं डोकं न तपासणं, ही नेहमीची चूक आहे.

उवांचं वेळापत्रक

पूर्ण वाढलेली मादी दिवसाला ८ पर्यंत अंडी घालते. या अंड्यांनाच आपण लिखा म्हणतो. लीख केसाच्या मुळाशी घट्ट चिकटलेली असते आणि साधारण ७ ते १० दिवसांत फुटते. त्यातून निघालेलं पिल्लू ९ ते १२ दिवसांत मोठं होतं आणि स्वतः अंडी घालू लागतं. डोक्यावर ऊ सुमारे महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली, तर रक्त न मिळाल्याने १ ते २ दिवसांत मरते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मुलाला पहिल्यांदाच उवा झाल्या असतील, तर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. म्हणजे आज खाजवणाऱ्या मुलाला उवा कालच्या वाढदिवसाच्या पार्टीत मिळालेल्या नसतात. त्या महिनाभर डोक्यात असू शकतात आणि तोवर घरातल्या इतरांकडेही पोहोचलेल्या असू शकतात.

उवा परतल्या, राहिल्या की नव्याने आल्या?

हे ओळखण्यासाठी औषधानंतर फणीत काय सापडतं ते नीट पाहा.

* औषधानंतर २-३ दिवसांत लहान-मोठ्या सगळ्या आकाराच्या उवा धडधाकट चालताना दिसल्या, तर औषध लागू पडलेलं नाही. ते कमी लावलं गेलं, लवकर धुतलं गेलं किंवा त्या उवा त्या औषधाला दाद देत नाहीत.
* ७ ते १० दिवसांनी फक्त बारीक पिल्लं दिसली, तर मोठ्या उवा मेल्या, पण लिखा वाचल्या आणि फुटल्या. म्हणजे औषधाचा दुसरा हात राहिला.
* तीन आठवडे फणी स्वच्छ निघाली आणि नंतर एकदम एखादी मोठी ऊ सापडली, तर ती बाहेरून आली. अशा वेळी औषध बदलून उपयोग नाही, सोबतच्या मुलांची डोकी तपासायला हवीत.
* फक्त लिखा दिसतात, ऊ एकही नाही, अशा वेळी घाई करू नका. टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा बऱ्याच लांब असलेल्या लिखा बहुतेक रिकाम्या किंवा मेलेल्या असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, त्यांच्याबरोबर त्या टरफलांसकट पुढे सरकतात. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख नखाने ओढावी लागते.

जिवंत ऊ दिसल्याशिवाय औषध लावू नये, हा साधा नियम आहे.

औषध लावताना होणाऱ्या चुका

उवांसाठी जगभर वापरलं जाणारं एक प्रमुख औषध म्हणजे १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन. ते २ महिन्यांपेक्षा मोठ्या बाळांना चालतं. औषधाच्या दुकानात पर्मेथ्रिनचं ५ टक्के क्रीमही मिळतं, पण ते खरजेसाठी असतं. म्हणून घेताना टक्केवारी वाचून घ्या.

केस साध्या शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपा. त्या वेळी कंडिशनर किंवा तेल लावू नका, त्याचा थर औषधाच्या आड येतो. कानामागे आणि मानेच्या वरच्या भागात औषध नीट पोहोचू द्या, कारण उवा तिथेच जास्त असतात. १० मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. मुलाला न्हाणीघरात शॉवरखाली उभं करण्याऐवजी बेसिनवर वाकवून धुतलं, तर औषध अंगावर ओघळत नाही. पुढचे १-२ दिवस शाम्पू नको.

हे औषध उवेच्या मज्जातंतूंवर काम करतं. ताज्या लिखेत मज्जातंतूच तयार झालेले नसतात, म्हणून ती वाचते. दुसऱ्या वेळी औषध लावणं त्यामुळेच गरजेचं आहे.

जगात अनेक ठिकाणी उवांमध्ये पर्मेथ्रिनला दाद न देण्याची क्षमता आली आहे. नीट लावूनही उवा जिवंत राहिल्या, तर तेच औषध चार-चार वेळा लावू नका. डॉक्टर दुसरं औषध देऊ शकतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही देतात, पण त्या १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना देत नाहीत. म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

१७ दिवसांचं वेळापत्रक

आई-बाबा दोघंही सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि रात्री परततात, अशा घरात रोज तासभर उवा काढणं शक्य नसतं. त्याची गरजही नाही. रविवारी सुरुवात केली, तर दिवस असे येतात:

* पहिला दिवस, रविवार: सगळ्या घराची डोकी तपासा. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसली, त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा. धुतल्यावर ओल्या केसांतून फणी फिरवा.
* पाचवा दिवस, गुरुवार: केस धुऊन भरपूर कंडिशनर लावा आणि फणी फिरवा.
* नववा दिवस, सोमवार: औषधाचा दुसरा हात आणि पुन्हा फणी. आज औषधाआधी कंडिशनर नको.
* तेरावा दिवस, शुक्रवार: कंडिशनर आणि फणी.
* सतरावा दिवस, मंगळवार: शेवटची तपासणी. एकही ऊ नसेल, तर काम फत्ते.

यामागचा हिशेब असा: दर चार दिवसांनी फणी फिरली, की लिखेतून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्याआधी पकडलं जातं.

फणी बारीक दातांची हवी, धातूची असेल तर उत्तम. आधी साध्या कंगव्याने गुंता सोडवा. केसांच्या छोट्या छोट्या बटा करून प्रत्येक बटेवर टाळूपासून टोकापर्यंत फणी ओढा आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर किंवा कापडावर पुसा. लांब केसांना अर्धा-पाऊण तास लागतो. मुलाच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिलं, तर दोघांचाही वेळ बरा जातो.

घर किती धुवायचं?

गेल्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल, टोप्या आणि केसांच्या रिबिनी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. कंगवे आणि फण्या कडकडीत गरम पाण्यात १० मिनिटं बुडवून ठेवा. धुता न येणारी मऊ खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवा. सगळ्या गाद्या गच्चीत नेण्याची किंवा घरात कीटकनाशक फवारण्याची गरज नाही.

हे उपाय टाळा

सीताफळाच्या बियांची पूड हा जुना घरगुती उपाय आहे. ती डोळ्यात गेली, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा होते आणि असे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. रॉकेल पेट घेऊ शकतं आणि कातडी भाजतं. कापूर आणि डांबराच्या गोळ्या लहान मुलांसाठी विषारी आहेत. झुरळ-मुंग्यांचा खडू किंवा ढेकणाचं औषध डोक्याला कधीही लावू नये.

खोबरेल तेलाने धोका नाही. त्याने उवा सुस्तावतात आणि फणी सहज फिरते. पण तेलाने लिखा मरत नाहीत, त्यामुळे फक्त तेलावर भिस्त नको.

चकोट करण्याचीही गरज नाही. केस थोडे आखूड केल्याने फणी फिरवणं सोपं होतं, पण मुलीला तिच्या मनाविरुद्ध बोडकं करून शाळेत पाठवलं, तर चिडवणं तिच्या वाट्याला येतं.

इतरांना सांगायचं कसं?

उवा बाहेरून येत असतील, तर एकट्या घराने औषध करून त्या थांबत नाहीत. शेजारच्या मैत्रिणीच्या डोक्यात त्या असेपर्यंत त्या परत येणारच. म्हणून मूल ज्यांच्याबरोबर खेळतं, त्यांच्या पालकांना आणि पाळणाघराच्या ताईंना सांगायला हवं. शाळेच्या मोठ्या ग्रुपवर कुणा मुलाचं नाव घालू नका. जवळच्या चार-पाच जणांना एवढा निरोप पुरतो: "आमच्याकडे उवा सापडल्या आहेत, रविवारी औषध लावतोय. तुम्हीही मुलांची डोकी फणीने बघून घ्या, म्हणजे सगळ्यांचं एकदमच होईल." तुझ्या मुलीमुळे झालं, असा सूर लागला की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही.

डोक्यातल्या उवांमुळे दुसरा आजार पसरत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनातही म्हटलं आहे, की केवळ उवांमुळे मुलाची शाळा बुडवू नये. शाळेत जाताना केसांच्या घट्ट वेण्या घाला.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

खाजवून डोक्यात पू झालेले फोड आले, खपल्या धरल्या, मानेत गाठी आल्या किंवा ताप आला, तर घरी औषध न लावता डॉक्टरांना दाखवा. मूल २ महिन्यांपेक्षा लहान असेल, तर उवा फक्त हाताने आणि फणीने काढा. आई गरोदर असेल, तर तिने स्वतःला औषध लावण्याआधी विचारून घ्यावं. डोंबिवली पश्चिमेचं शास्त्रीनगर रुग्णालय आणि कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय ही दोन्ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल, तर तिथे दाखवता येतं. जाताना आधी लावलेल्या औषधाची बाटली किंवा खोका सोबत न्या. कोणतं औषध, किती टक्के आणि कोणत्या तारखेला लावलं हे कळलं, की पुढचं औषध ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं.