घरगुती गॅसउपकरणांची सुरक्षितता (कपिलधार परिसर)

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी, रेग्युलेटर, रबरी नळी व शेगडी यांपासून गळती, आग वा स्फोट होऊ नये म्हणून घ्यावयाची दक्षता. बीड तालुक्यातील कपिलधार हे मांजरसुंब्याजवळचे, बालाघाटाच्या डोंगरांतील क्षेत्र वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असून, कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस येथे पायी दिंड्या येतात. त्यामुळे घरातल्या स्वयंपाकाबरोबर मांडवातल्या स्वयंपाकाचाही विचार येथे करावा लागतो.

हा गॅस मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असून, टाकीत दाबामुळे द्रवरूप राहतो व बाहेर पडताच सुमारे २५० पट जागा व्यापतो. तो मूळचा गंधहीन असल्याने गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे संयुग मिसळतात. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असेल तर ठिणगीनेही पेट घेतो. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांत गॅस पोहोचला, तरी पुष्कळ घरांत चूल त्याच खोलीत राहिली आणि बसून रांधण्याच्या सवयीने शेगडीही जमिनीवरच राहिली. म्हणजे गळलेला गॅस जेथे साचतो, तेथेच विस्तव असतो. टाकी उभी व सपाट जागी आणि शेगडी तिच्याहून उंच ओट्यावर ठेवावी, हा नियम यासाठीच आहे.

सर्वांत दुर्लक्षित भाग नळीचा होय. आतून तारेची जाळी असलेली, भारतीय मानक ९५७३ चे चिन्ह असणारी सुरक्षा नळीच वापरावी आणि भेगा दिसत नसल्या तरी ती पाच वर्षांनी बदलावी. तिला मध्ये जोड देऊ नये, तसेच तिच्यावर कापड वा दुसरी नळी चढवू नये, कारण त्याखाली चिरा झाकल्या जातात. टाकी घेताना व्हॉल्व्हमधील रबरी वायसर शाबूत असल्याची खात्री करावी. रेग्युलेटरपाशी होणारी गळती बहुधा तेथूनच होते. टाकीच्या वरच्या पट्टीवरील अक्षर व अंक पुढील चाचणीची मुदत सांगतात : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, ‘बी २७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही नाही.

शेगडी : पिवळी ज्योत अपुऱ्या ज्वलनाची खूण असते, बर्नर साफ करून घ्यावा.

गिझर : गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये, कारण तेथे कार्बन मोनॉक्साइड साचून मृत्यू ओढवतो.

सामुदायिक स्वयंपाक : १४.२ किग्रॅ. ची टाकी घरगुती वापरापुरतीच असून, मोठ्या भट्ट्यांसाठी १९ किग्रॅ. ची व्यापारी टाकी असते. थंडीत गॅस मंद येऊ लागला की टाकी आडवी करण्याची चाल घातक आहे, कारण त्यामुळे वायूऐवजी द्रव नळीत उतरतो.

वास येताच रेग्युलेटर बंद करून टाकीला टोपण लावावे, चूल, समई व उदबत्ती विझवावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही सेवा चोवीस तास चालते.