शरणपूरचा वर्ग

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला वर्गात हात कसा द्यायचा, हा आम्हां शिक्षकांचा रोजचा प्रश्न. आपल्या आजोबा-पणजोबांना तो हात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने दिला. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. म्हणजे मराठीची शिडी लावून इंग्रजीच्या माडीवर चढायचे. पण ज्या मुलांजवळ शिडीच नाही, त्यांनी काय करायचं? असा एक वर्ग आपल्या नाशकातच भरत असे.

आजच्या शरणपूर रोडला ज्या वस्तीचे नाव आहे, ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० नंतरच्या दशकात वसविली. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकायला नेलेली मुले ब्रिटिश आरमार भर समुद्रात अरबांच्या गलबतांतून सोडवी आणि मुंबईस उतरवी. त्यांतली कित्येक १८६० च्या सुमारापासून शरणपूरला येऊ लागली. कोणी याओ, कोणी आणखी कुठल्या जमातीचा. गुरुजींची भाषा मुलांना येत नाही, मुलांची गुरुजींना नाही. तरी ही मुले इंग्रजी शिकली. इथे अक्षरांच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे धंदेही शिकवीत. माझा तर्क असा, की पुस्तकाइतकीच ती कामाची जागाही उपयोगी पडली असावी. करवतीचं नाव करवत हातात असताना लवकर पाठ होतं.

या शिक्षणाची किंमतही मोठी होती. प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याने शरणपूरची नऊ मुले आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी घेतली. त्यांच्याविषयी तो पुढे बरीच कुरकूर करतो. ती वाचताना हेही ध्यानात ठेवावे, की ही मुले आफ्रिकेत परतत होती ती जवळजवळ परकी होऊन. १८६६ मध्ये याओ मुलखातून जाताना त्यांतल्या अब्राहामला गर्दीत त्याचा मामा की चुलता भेटला. त्याच्याकडून कळलं, की आई आणि दोघी बहिणी केव्हाच विकल्या गेल्या. इथेच राहा म्हणून त्याला पुष्कळ आग्रह झाला. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहू कसा, असे म्हणून तो पुढे निघाला.

दुसऱ्या एका तुकडीतला जेकब वेनराइट १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनला जाऊन मिळाला. हाही जन्माने याओ. नाव अर्थात मिशनने दिलेले. १ मे १८७३ रोजी, आज जो झांबिया आहे त्या मुलखात, लिव्हिंगस्टन वारला. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने शव किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरले. हृदय तिथेच पुरले, तेव्हा प्रार्थना वाचली जेकबने. झाडावर नाव आणि तारीख कोरली त्यानेच. मृताच्या सामानाची यादीही त्याच्याच हातची. पुढे लिव्हिंगस्टनचा मुलगा शोधार्थ येत आहे अशी बातमी लागली, तेव्हा जेकबने त्याच्या नावे इंग्रजीत पत्र लिहिले: वडील वारले, शव आम्ही आणतो आहोत, उपासमार होते आहे, धान्य घेण्यासाठी कापड पाठवा. ते पत्र चुमाने १८७३ च्या ऑक्टोबरात उन्यान्येंबेला पोचविले. तिथे मुलगा नव्हता, कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने ते वाचले.

परक्या भाषेत बापाच्या मरणाची बातमी मुलाला कळवायची आणि त्याच पत्रात उपाशी माणसांसाठी मागणीही करायची! आमच्या परीक्षांतून पत्रलेखनाचे जे नमुने येतात, त्यांत इतका कठीण विषय मी पाहिलेला नाही. जेकबने रोजनिशीही इंग्रजीतच लिहिली. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले. त्याच वर्षी १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

पुढे प्राइस मोम्बासाजवळ गेले आणि तिथे १८७५ च्या सुमारास फ्रियरटाउन ही सुटलेल्या गुलामांची नवी वसाहत उभी राहिली. शरणपूरचे अनेक आफ्रिकन तिकडे गेले. किनाऱ्यावर बोली स्वाहिली. तिथले लोक या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन, जेकबबरोबर शवाच्या त्या प्रवासात चाललेला, १९३५ पर्यंत मोम्बासात हयात होता.