कुरुंदाचा दगड आणि आपला इळा

सोंगणीच्या आधी घरोघरी इळे पाजवायला निघतात. इळ्याबद्दल सगळेच बोलतात, पण त्याला धार देणाऱ्या दगडाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून आज दगडाची गोष्ट.

आपल्या वाडीपासून माहुरझरी फार लांब नाही. तिथली शिळावर्तुळं शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली खणली, तेव्हा लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या निघाल्या. याच जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. एवढी हत्यारं होती, म्हणजे त्यांना धार लावणारे हातही होते. ते फक्त पुरुषांचेच होते असं आम्ही तरी धरून चालत नाही.

आमच्या आज्या विहिरीच्या काठावर इळा घासायच्या. आपल्याकडचा काळा दगड कठीण, पण घासून गुळगुळीत झाला की पातं नुसतं घसरतं. कामठीकडचा वालुकाश्म कणीदार असतो. तो लोखंड खातो, पण स्वतःही झिजतो. खरा धारेचा दगड कुरुंदाचा. हिऱ्याखालोखाल कठीण, आणि आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात सापडणारा. कुरुंदाची भुकटी लाखेत घोळून कारागीर धारेचं चाक बनवत. इंग्रजीतला ‘कोरंडम’ शब्दही तमिळ ‘कुरुंदम्’वरून तिकडे गेला.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळसा तापवताना एक नवा कठीण पदार्थ मिळाला. त्यांना वाटलं, हा कार्बन आणि कुरुंदाचा मेळ. म्हणून नाव ठेवलं ‘कार्बोरंडम’. त्यात कुरुंद नव्हताच, पण नाव राहिलं. बाजारातला करडा, दोन बाजूंचा धारेचा दगड बहुधा याचाच असतो.

आता आपला इळा. लोहार तो बहुतेकदा ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून घडवतो, आणि वाडीत ट्रकांना काय तोटा! हे पोलाद लवकर धार घेतं, तसंच लवकर गंजतं. त्याला तीन-चार दगडांचा महागडा संच नको. दोन बाजूंचा एक पुरे. पात्याला खाच पडली तरच खरबरीत बाजू, एरवी बारीक. दगड घेताना नख फिरवून बघा: कण सगळीकडे सारखे लागले पाहिजेत, आणि दगड मधे खोलगट नसावा. दातेरी इळा मात्र या दगडावर घासू नका, दाते जातात.

विजेच्या चाकावर इळा द्यायच्या आधी दहादा विचार करा. आमच्या गटातल्या दोघींचे इळे असेच गेले. पातं तापून निळं पडलं, म्हणजे लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. मग धार दोन दिवसही टिकत नाही. बोथट इळ्याला जोर जास्त लावावा लागतो, आणि जोर लावताना हात घसरला की बोटच कापतं. घरच्या दगडावर पाणी शिंपडून, पातं एकाच कोनात धरून दहा-बारा वेळा ओढलं की काम होतं. नंतर कोरडं पुसून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा.