दोन मिनिटांचा थांबा आणि उपडा कप

आजच्या भागाचा विषय आहे हॉटेलातली घाई. हॉटेल म्हणजे आपल्या बोलीतलं, जेवायचं हॉटेल. प्रश्न साधा आहे. जेवण पटकन यावं आणि वाढणाऱ्यानं आपल्याकडे नीट लक्षही द्यावं, हे दोन्ही एकाच वेळी जमतं का? यंत्र यात मदत करतं की मध्ये येतं?

सुरुवात स्टेशनपासून करू, कारण खाण्यातली खरी घाई रेल्वेनं आणली. आमचा नंदुरबार जिल्हा सुरत-भुसावळ मार्गावर आहे. जुनं नाव तापी व्हॅली रेल्वे. गाडी थांबते दोन-पाच मिनिटं. तेवढ्यात चहावाल्याला हाक मारायची, पैसे द्यायचे, सुटे घ्यायचे आणि पळत डब्यात चढायचं. इथे आपुलकी कुठे बसवणार?

ही अडचण अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी एका माणसानं सोडवली, म्हणून थोडं तिकडे जाऊ. त्याचं नाव फ्रेड हार्वी. १८७६ मध्ये त्यानं कॅन्सस राज्यात, टोपेका स्टेशनवर खाणावळ सुरू केली. तेव्हा तिकडच्या लांबच्या गाड्यांत जेवणाचा डबा नसायचा. गाडी अर्धा तास थांबायची आणि तेवढ्यात सगळ्यांनी जेवायचं. हार्वीनं त्या काळातलं सगळ्यात वेगवान यंत्र वापरलं: तार. गाडीतला कंडक्टर आधीच विचारून घ्यायचा, किती जण जेवणार. आकडा तारेनं पुढच्या स्टेशनला जायचा. गाडी पोचेपर्यंत पानं मांडलेली असायची.

पण खरी गंमत पुढे आहे. टेबलाशी आलेली मुलगी विचारायची, काय पिणार? उत्तर ऐकून ती फक्त कप हलवायची. सरळ ठेवला तर कॉफी. उपडा ठेवला तर चहा. उपडा करून बशीपासून बाजूला ठेवला तर दूध. मागून येणारी दुसरी मुलगी काही न विचारता बरोबर तेच ओतायची. लोकांना वाटायचं, हिला कसं कळलं? म्हणजे बघा, मोजणी तारेनं केली, निरोप कपानं दिला आणि बोलायला माणूस मोकळा राहिला.

आता याच्या उलट टोक. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड बंधूंनी आपलं चालतं हॉटेल नव्यानं मांडलं. गाडीपर्यंत खाणं आणून देणारे नोकर काढले, काटे-चमचे काढले, पदार्थ मोजके ठेवले. गिऱ्हाईकानं स्वतः खिडकीशी यायचं. वेग वाढला, भाव उतरला आणि वाढणारा माणूस गेला. १९९६ मध्ये मॅकडॉनल्ड भारतात आलं.

म्हणजे रस्ते दोन. एकात यंत्र माणसाचा वेळ वाचवतं. दुसऱ्यात यंत्र माणसालाच वाचवतं, म्हणजे काढून टाकतं!

आपल्याकडे तिसरी गोष्ट होती आणि तिला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही: आवाज. वेटर टेबलाशी उभा राहून विचारणार आणि तिथूनच आत ओरडणार, ‘दोन मिसळ, एक कट चहा!’ आपण उठून गल्ल्याकडे निघालो की मागून आकडा येणार. कागद नाही, बिल नाही. लिहिता-वाचता न येणारा गिऱ्हाईकही त्या हॉटेलात बरोबरीनं जेवायचा.

आता आजचं बघू. रेल्वेत २०१४ नंतर ई-केटरिंग आलं. पीएनआर नंबर टाका, जेवण जागेवर येतं. ही हार्वीची तारच झाली, फक्त तुमच्या खिशातली. क्यूआर कोड जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला बनला. तो २०२० च्या कोरोनाकाळात मेनूकार्डच्या जागी टेबलावर चिकटला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि सुट्या पैशांची कटकट मिटली.

मला यातलं सगळं आवडतं. पण नंदुरबारपुरतं एक गणित मांडतो. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची साक्षरता होती सुमारे ६४ टक्के. लोकसंख्येत आदिवासी समाज सुमारे ६९ टक्के. म्हणजे बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसलेल्या तिघांपैकी एकाला वाचता येत नसेल, असं धरून चालावं लागतं. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आमच्याच टेंभली गावात दिलं गेलं. तंत्रज्ञान आमच्याकडे आधी पोचू शकतं. पण ते कोणासाठी चालतं, हा प्रश्न उरतोच.

नवापूरचं स्टेशन बघा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे घोषणा चार भाषांत होतात: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. रेल्वेला कळलं की माणूस पाटी वाचेलच असं नाही, त्याला ऐकू जायला हवं. मग हॉटेलचा मेनू फक्त इंग्रजीत, तोही स्कॅन केल्यावरच, असं का? आणि मावची, पावरी, अहिराणी बोलणारा माणूस फोन नाही म्हणून ताटकळत बसला, तर वाढला तो वेग कोणाचा?

माझं मत सरळ आहे. यंत्र स्वयंपाकघरात आणि गल्ल्यावर असावं. ऑर्डर आत पाठवणं, हिशोब, साठा, पैसे, हे सगळं त्यानं करावं. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मला म्हणूनच पटतो. पैसे आले की तो बोलून सांगतो, मालकाला फोनमध्ये डोकं घालावं लागत नाही आणि तो समोरच्याकडे बघू शकतो. टेबलावर मात्र विचारणारा माणूस हवा. क्यूआर असू दे, पण त्याच्या शेजारी फोटो आणि भाव मराठीत असू देत. आणि ‘काका, काय आणू?’ हा प्रश्न बंद होऊ नये.

हॉटेलमालकांनो, नवीन ॲप घेताना एकच विचारा: यातून वाचलेला वेळ माझा वेटर कुठे खर्च करणार? तो गिऱ्हाईकाजवळ जाणार असेल, तर घ्या. वेटरच कमी होणार असेल, तर आपण नेमकं काय विकतोय, याचा आधी विचार करा.

तुमच्या गावात हे कोणी छान जमवलंय का? व्हॉइस नोट पाठवा. लिहायची गरज नाही, बोललात तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!